लाख, मेण आणि किरमिजी : व्हीगन प्रसाधनांच्या काळात कीटकपालकांपुढील वाट

साबण, शाम्पू, ओठांचे मलम, नखांचा रंग या रोजच्या वापरातील वस्तूंच्या वेष्टनांवर अलीकडे दोन शब्द ठळकपणे दिसू लागले आहेत. एक ‘व्हीगन’ आणि दुसरा ‘क्रुएल्टी-फ्री’. शहरी ग्राहकांचा, विशेषतः तरुण वर्गाचा, या वस्तूंकडे ओढा वाढत आहे. वरवर पाहता हा शहरातील स्नानगृहाचा आणि आरशापुढील मांडणीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्याचा एक धागा झारखंड आणि छत्तीसगडमधील पळसाच्या झाडांपर्यंत, गोंदिया-गडचिरोलीतील लाख उत्पादकांपर्यंत आणि सातेरीच्या पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळांपर्यंत पोहोचतो. प्रसाधनांतील प्राणिजन्य घटकांचा विचार करताना चरबी, लोकरीतील स्निग्धांश किंवा दूध चटकन आठवते. कीटक मात्र सहसा आठवत नाहीत. व्हीगन वस्तूंकडे वळलेला ग्राहक आता त्यांचाही विचार करू लागला आहे. म्हणून विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांनी हा बदल नीट समजून घेणे आवश्यक आहे.

दोन शब्द, दोन अर्थ

हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. तसे करणे चुकीचे आहे. ‘व्हीगन’ हा शब्द घटकांविषयी बोलतो. इंग्लंडमध्ये १९४४ साली रूढ झालेल्या या शब्दाचा अर्थ असा की, वस्तूत प्राण्यापासून मिळालेला कोणताही घटक नाही. मांस आणि चरबी तर नाहीच. दूध, मध, मेण, लाख आणि रेशीमही नाही. ‘क्रुएल्टी-फ्री’ हा शब्द मुख्यतः चाचणीविषयी बोलतो. वस्तू किंवा तिचे घटक सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग केलेले नाहीत, असे तो सांगतो.

या दुसऱ्या शब्दामागे मोठा इतिहास आहे. सशांच्या डोळ्यांत रसायन घालून दाह मोजण्याची पद्धत १९४४ मध्येच अमेरिकेत मांडली गेली आणि पुढील अनेक दशके ती जगभर वापरली गेली. युरोपीय संघाने २०१३ पर्यंत टप्प्याटप्प्याने प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास, तसेच अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीस बंदी घातली. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींच्या थरावर अनेक चाचण्या करता येतात.

हा फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. मधमाशीच्या मेणाचे, प्राण्यांवर चाचणी न केलेले ओठांचे मलम ‘क्रुएल्टी-फ्री’ म्हणता येईल, पण ते व्हीगन नाही. उलट, संपूर्णपणे खनिज तेलापासून बनवलेले मलम व्हीगन असू शकते. पण त्यातील एखाद्या घटकाची चाचणी प्राण्यांवर झाली असेल, तर ते ‘क्रुएल्टी-फ्री’ ठरत नाही.

प्रसाधनांतील कीटक

पहिला कीटक लाखेचा. केरिया लॅका या खवले किडीची पिल्ले पळस, बोर किंवा कोशिंब (कुसुम) यांच्या कोवळ्या फांद्यांवर स्थिरावतात, सोंड आत रोवतात आणि रस शोषू लागतात. मादी एकदा बसली की पुन्हा हलत नाही. तिचे पाय गळतात आणि ती स्वतःभोवती राळेचे कवच स्रवत राहते. शेजारशेजारच्या हजारो माद्यांची कवचे एकजीव होऊन फांदीवर जो जाड थर तयार होतो, तीच लाख. ती खरवडून, कुटून, धुवून आणि वितळवून चपडा लाख तयार होते. अल्कोहोलमध्ये विरघळणारी आणि वाळल्यावर चकचकीत, चिवट थर देणारी ही राळ नखांच्या रंगात, केसांच्या फवाऱ्यात आणि पापण्यांच्या काजळात वापरली जाते. लाख धुताना निघणारा लाल रंग म्हणजे आपल्या परंपरेतील अळित्याचा मूळ रंग.

दुसरा कीटक मधमाशी. कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाचे पातळ पापुद्रे स्रवतात आणि त्यांतून पोळे उभे राहते. साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळणारे हे मेण तेलाला घट्टपणा देते, म्हणून ओठांचे मलम, क्रीम आणि केसांचे मेण यांत ते असते. लेबलवर त्याची नोंद बहुधा ‘सेरा अल्बा’ या लॅटिन नावाने होते.

तिसरा कीटक डॅक्टिलोपियस कॉकस, म्हणजे फड्या निवडुंगावर वाढणारी किरमिजी खवले कीड. तिच्या शरीरातील कार्मिनिक आम्लापासून ‘कार्माइन’ हा गडद लाल रंग मिळतो. आज त्याचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू देशात होते. एक किलो वाळवलेल्या किडींसाठी साधारण एक ते दीड लाख माद्या लागतात. ओठांच्या लालीवर ‘सी.आय. ७५४७०’ असा क्रमांक दिसला, तर तो याच रंगाचा. आपल्या भाषेतील ‘किरमिजी’ हा शब्दही फारसीतील कीटकवाचक शब्दावरून आला आहे आणि तो संस्कृत ‘कृमि’ शब्दाचा भाऊबंद आहे. रंग कशापासून मिळतो, हे भाषेने पूर्वीच सांगून ठेवले होते.

यांखेरीज शाम्पू आणि क्रीममधील ‘सिल्क प्रोटीन’ रेशीमकिड्याच्या कोशातून येते. नेहमीच्या तुती रेशमात कोश उकळताना आतील कोषावस्थेतील कीटक मरतो.

प्रश्न आयात केलेला नाही

व्हीगन हा शब्द नवा असला, तरी त्यामागील प्रश्न भारतीय समाजाला परका नाही. जैन परंपरेत श्रावकांनी टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. तीत ‘लाक्षावाणिज्य’, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्टपणे येतो. असंख्य सूक्ष्म जीवांच्या नाशाशी लाखेचा संबंध आहे, हे निरीक्षण इतके जुने आहे.

आधुनिक भारतीय कायदा मात्र वेगळी रेषा आखतो. अन्नपदार्थांच्या लेबलविषयीच्या २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांना वगळले आहे. म्हणजे लाखेचा लेप असलेल्या गोळीला हिरवा ठिपका मिळू शकतो. पण २०२२ च्या व्हीगन अन्नविषयक नियमांच्या कसोटीला ती उतरत नाही. प्रसाधनांच्या बाबतीतही ग्राहक हीच दुसरी, अधिक कडक कसोटी लावू लागला आहे. शाकाहारी आणि व्हीगन हे शब्द समानार्थी नाहीत, हे प्रत्येक उत्पादक गटाला ठाऊक असले पाहिजे.

कीटकांना वेदना होतात का, हा प्रश्नही आता केवळ भावनेचा राहिलेला नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंबलबी जातीच्या माश्या कोणतेही बक्षीस नसताना लहान चेंडू पुनःपुन्हा लोटताना आढळल्या. जागेला खिळलेल्या खवले किडीचे जीवन त्यांच्याहून फार वेगळे आहे आणि एकीवरील निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही ग्राहकाच्या मनातील शंकेला ‘किडाच तर आहे’ असे उत्तर देऊन आता भागणार नाही.

बाजार यापूर्वी दोनदा बदलला आहे

लाख उत्पादकांच्या दृष्टीने खरी चिंता उपजीविकेची आहे. लाख हे बहुतेक ठिकाणी लहान जमिनीच्या, कोरडवाहू आणि प्रामुख्याने आदिवासी कुटुंबांचे पूरक उत्पन्न आहे. भात निघाल्यावर किंवा पेरणीआधी हातात येणारा हा रोख पैसा असतो. शिवाय लाखेला भाव असेल तर बांधावरचा पळस आणि कोशिंब उभा राहतो; भाव पडला की त्याच झाडाचे सरपण होते.

हे संकट मात्र पहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाखेच्या रंगाला युरोपात मागणी होती. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम ॲनिलिन रंग तयार झाला आणि पुढील काही दशकांत लाखेच्या रंगाचा व्यापार कोसळला. जी राळ तोवर रंगाची सोबतीण होती, ती मुख्य उत्पादन झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या बनत. रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली, ती याच काळात. १९५० च्या दशकात व्हिनाइलच्या तबकड्यांनी ती बाजारपेठही घेतली. त्यानंतर लाख औषधी गोळ्यांच्या लेपात, फळांच्या मेणलेपात, लाकडाच्या पॉलिशमध्ये आणि सुगंधी द्रव्यांच्या निर्मितीत स्थिरावली.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एका वापरावर अवलंबून राहिलेला उत्पादक प्रत्येक वेळी बुडाला. आणि त्याच कीटकाच्या त्याच स्रावाला नवा वापर सापडला, तेव्हा पीक टिकले. पूर्वीचे दोन्ही बदल स्वस्त किंवा सोयीच्या पर्यायामुळे आले. आताचा बदल ग्राहकाच्या विवेकातून येत आहे, एवढाच फरक. विवेकातून आलेल्या बदलाला स्वस्त दराने थोपवता येत नाही. त्याला माहितीने आणि प्रामाणिकपणाने सामोरे जावे लागते.

पर्याय कोणते, आणि त्यांची किंमत काय

मेणाला वनस्पतिजन्य पर्याय आहेत. ब्राझीलमधील ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण ८० अंशांच्या वर वितळते. ते कठीण पण ठिसूळ असते. मेक्सिकोच्या वाळवंटी झुडपापासून मिळणारे कँडेलिला मेण सुमारे ७० अंशांना वितळते आणि मधमाशीच्या मेणापेक्षा कमी प्रमाणात पुरते. ओठांच्या मलमाच्या कृतीत मेणाच्या जागी ते वापरताना निम्म्याच्या आसपास प्रमाणापासून चाचणी सुरू करावी. हे झुडूप जंगलातून तोडले जाते आणि त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे, हेही लक्षात ठेवावे.

भारतीय शेतीसाठी अधिक महत्त्वाचे पर्याय आपल्याच गिरण्यांत आणि कारखान्यांत आहेत. तांदळाच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना मेण वेगळे निघते. ते प्रसाधनांत वापरता येते. सूर्यफूल तेलातूनही असेच मेण मिळते. साखर कारखान्यातील प्रेसमडमध्ये उसाच्या सालीवरचे मेण असते. भात, सूर्यफूल आणि ऊस ही तिन्ही पिके देशात मोठ्या क्षेत्रावर असल्याने या उपपदार्थांना व्हीगन बाजारपेठेत स्थान मिळू शकते.

लाल रंगासाठी बीट, शेंद्री, टोमॅटोतील लायकोपीन आणि लोहाची खनिजे वापरली जातात. शेंद्रीच्या बियांवरचा रंग नारिंगी-लाल असतो, त्यामुळे कार्माइनची गडद छटा त्यातून मिळत नाही. बीटचा रंग उष्णतेत आणि प्रकाशात फिका पडतो. लाखेच्या लेपाला मक्याच्या ‘झीन’ या प्रथिनाचा पर्याय आहे.

येथे कीटकशास्त्राच्या दृष्टीने एक सावध सूचना करणे आवश्यक आहे. घटक वनस्पतिजन्य असला म्हणून त्याच्या उत्पादनात जीवहानी झाली नाही, असे सिद्ध होत नाही. फुलोऱ्यातील सूर्यफुलावर भर दुपारी कीटकनाशक फवारले, तर त्या शेतातील मधमाश्या मरतात. त्या बियांचे मेण मात्र लेबलवर व्हीगनच ठरते. उलट, लाखेतील ॲल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीसारखा गंध असलेली द्रव्ये तयार करता येतात आणि अशा द्रव्यांमुळे कस्तुरीमृगाच्या कस्तुरीची गरज उरत नाही. हे सांगण्याचा हेतू व्हीगन विचाराला खोडून काढण्याचा नाही. ‘घटक कशाचा’ या प्रश्नाबरोबर ‘तो कसा पिकवला’ हा प्रश्नही विचारला गेला, तर शेतकऱ्याला त्यात आपली भूमिका सापडते.

किरमिजी किडीचा भारतातील इतिहास हेच शिकवतो. १७९५ मध्ये रंगाच्या व्यापाराच्या आशेने ब्राझीलमधून बंगालमध्ये किरमिजी कीड आणली गेली. ती अपेक्षित जात नव्हती. डॅक्टिलोपियस सिलोनिकस या वेगळ्याच जातीच्या त्या किडीपासून चांगला रंग मिळाला नाही; पण तिने एका जातीच्या फड्या निवडुंगाचा मोठ्या क्षेत्रावर बंदोबस्त केला. कीटकाकडून तणनियंत्रण होण्याचे जगातील पहिले ठळक उदाहरण म्हणून ते आजही अभ्यासले जाते. कीटकाचे मोल त्याच्या शरीरातून काय काढता येते यावरच ठरत नाही. तो शिवारात काय काम करतो यावरही ठरते.

कमी पीडेचे कीटकपालन

लाख आणि मेण व्हीगन होऊ शकत नाहीत. परंतु त्यांचे उत्पादन अधिक काळजीने होऊ शकते आणि ही काळजी उत्पन्नाच्याही हिताची आहे.

लाखेत ‘अरी’ आणि ‘फुंकी’ हा भेद महत्त्वाचा आहे. पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच कापलेली अपक्व लाख म्हणजे अरी. तीत माद्या आणि त्यांची पुढील पिढी दोन्ही नष्ट होतात. बीजलाखेतून पिल्ले बाहेर पडून नव्या फांद्यांवर बसल्यावर उरलेली काडी म्हणजे फुंकी. तिच्यातील माद्यांचे जीवनचक्र पूर्ण झालेले असते. पैशाच्या निकडीपोटी अरी कापण्याची प्रथा बीजलाखेची टंचाई निर्माण करते आणि पुढील हंगाम महाग करते. पक्व लाख घेणे, बीजलाख साठ जाळीच्या नायलॉन पिशवीत बांधून शत्रुकिडींना आत अडवणे, फुंकी साधारण तीन आठवड्यांच्या आत उतरवून घेणे आणि काही झाडे आलटून पालटून विश्रांतीला ठेवणे, या शिफारशी त्यामुळे दुहेरी लाभाच्या ठरतात.

मधपालनात मेणासाठी वसाहत मारावी लागत नाही. मध काढताना निघणारी झाकणे आणि नियमितपणे बदलावयाची जुनी काळी पोळी हाच मेणाचा योग्य स्रोत आहे. जुनी पोळी काढल्याने मेणपतंगाचा आणि रोगांचा प्रादुर्भावही कमी होतो. आग्या माशीचे पोळे जाळून मध-मेण काढणे मात्र सर्वस्वी टाळावे. संरक्षक पोशाखात जाऊन केवळ मधाचा भाग कापणे आणि अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवणे ही पद्धत विदर्भातील जंगलभागासह अनेक ठिकाणी शिकवली गेली आहे. त्याच फांदीवर माश्या टिकतात आणि पुन्हा मध भरतात.

ज्या मधपाळाला व्हीगन ग्राहकाच्या मागणीची चिंता वाटते, त्याने परागीभवनाच्या सेवेकडे लक्ष द्यावे. हिमाचलच्या सफरचंद बागांत पेट्या भाड्याने देण्याची पद्धत रुळली आहे. कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, मोहरी आणि काकडीवर्गीय पिकांतही मधमाश्यांचे काम मध-मेणाहून अधिक मोलाचे आहे.

रेशमात आसाम-मेघालयातील एरी रेशमाचा विचार करता येतो. एरीचा कोश एका टोकाला उघडा असतो आणि पतंग बाहेर पडल्यावरही त्यापासून सूत कातता येते.

लेबलवरचा शब्द जपून लिहावा

गावोगावचे महिला बचत गट साबण, उटणे आणि ओठांचे मलम बनवतात. बाजारात चालतो म्हणून ‘व्हीगन’ शब्द छापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पुढील बाबी विस्तार कार्यकर्त्यांनी गटांना आवर्जून सांगाव्यात.

१. मेण, मध, दूध, तूप, लाख, रेशीम किंवा लोकरीतील लॅनोलिन यांपैकी काहीही असेल, तर वस्तू व्हीगन नाही. शेळीच्या दुधाचा साबण शाकाहारी म्हणता येईल, व्हीगन नव्हे.

२. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल आणि स्क्वालेन हे घटक वनस्पती आणि प्राणी या दोन्ही स्रोतांतून येतात. पुरवठादाराकडून स्रोताचे लेखी पत्र घ्यावे.

३. विक्रीसाठी प्रसाधने बनवण्यास २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी.

४. मेण वापरले असेल, तर ते लपवू नये. ‘पेटीतील पोळ्यांच्या झाकणांचे मेण, वसाहत न मारता घेतलेले’ असे एक प्रामाणिक वाक्य खोट्या शिक्क्यापेक्षा अधिक विश्वास मिळवते.

५. एकच गट दोन प्रकारची उत्पादने करू शकतो: एक मेणाचे आणि एक कोंड्याच्या मेणाचे. भांडी आणि साचे मात्र वेगळे ठेवावेत.

पुढील दिशा

व्हीगन प्रसाधने निवडणारा ग्राहक हा शेतकऱ्याचा विरोधक नाही. आपण अंगाला काय लावतो आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागते, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचप्रमाणे पळसावरील लाखेच्या आधारे मुलांच्या शाळेचा खर्च भागवणाऱ्या कुटुंबाचा प्रश्नही रास्त आहे. या दोन प्रश्नांची सांगड घालण्याचे काम विस्तार यंत्रणेचे आहे. लाख उत्पादकांच्या बैठकीत या वर्षी भावाबरोबरच खरेदीदार ती लाख कोणत्या वापरासाठी घेतो, हेही विचारले जावे. प्रसाधनांचा वाटा मोठा असेल, तर औषधी लेप, पॉलिश आणि सुगंधी द्रव्ये यांच्या खरेदीदारांशी आताच संपर्क साधावा. अरीची तोड थांबवून बीजलाख राखली गेली, तर बाजार कोणत्याही दिशेला वळला तरी झाडावर पुढील पीक शिल्लक राहील.